न दिसणाऱ्या यशाचा गौरव

किडींचा बंदोबस्त त्यांच्याच नैसर्गिक शत्रूंकरवी करणारी जी विद्या जैविक कीडनियंत्रण या नावाने ओळखली जाते, तिच्या उपासकांना मिळणारे पुरस्कार वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर क्वचितच येतात. आज आम्ही तो विषय येथे जाणूनबुजून आणीत आहोत. धरण बांधले म्हणजे भिंत दिसते, रस्ता केला म्हणजे मोटारी धावताना दिसतात. परंतु कीड हटली म्हणजे पाहण्यासारखे काहीच उरत नाही. मग श्रेय कोणाचे, हा प्रश्नही कोणास पडत नाही.

1970 नंतरच्या दशकात दक्षिण अमेरिकेतील एक पिठ्या ढेकूण आफ्रिकेत पोचला, आणि कोट्यवधी गोरगरिबांचे पोट ज्या कंदावर चालते त्या कसाव्याची दैना उडाली. औषध फवारण्याची ऐपत त्या शेतकऱ्यांत नव्हती. नायजेरियातील इबादान येथील कृषिसंस्थेत काम करणारे स्विस कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरेन यांनी किडीच्या मायदेशी जाऊन तिचा वैरी शोधावयाचे ठरविले. पहिला शोध फसला. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात जो ढेकूण सापडला, तो दिसावयास तसाच, पण जात निराळी. त्याच्यावर जगणारे परोपजीवी आफ्रिकेतील किडीवर वाढेनात. खरी कीड 1981 साली टोनी बेलोटी यांना पॅराग्वेत सापडली. तिच्या अंगात अंडी घालणारी लोपेझी नावाची, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरांची माशी तेथेच मिळाली. इंग्लंडात कसून तपासणी झाल्यावर ती त्याच वर्षी नायजेरियात सोडण्यात आली. पुढे काही ठिकाणी तर विमानातूनही सोडली. आफ्रिकेतील वीसहून अधिक देशांत ती स्थिरावली आणि कीड आटोक्यात आली. या कार्याबद्दल 1995 साली हेरेन यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो सर्वथा यथोचित होता.

हा कंद आपणांस परका नव्हे. एकादशीस घरोघर शिजणारा साबुदाणा याच कंदाचा. 2020 साली हीच कीड केरळात आढळली. तेव्हा आफ्रिकेतील बेनिन देशातून लोपेझी बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेत आणली गेली व 2022 साली तमिळनाडूत सेलमच्या परिसरात सोडली गेली. आपल्या खिचडीच्या ताटापर्यंत हा धागा येतो, हे किती जणांस ठाऊक आहे?

आंतरराष्ट्रीय जैविक नियंत्रण संघटनेची उत्तर अमेरिकेतील शाखा ज्येष्ठ शास्त्रज्ञाबरोबर डॉक्टरेटसाठी झटणाऱ्या विद्यार्थ्याचाही गौरव करते. आम्हांस यातला दुसरा गौरव अधिक मोलाचा वाटतो. परदेशातून आणलेला मित्रकीटक नव्या हवेत टिकेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, आणि ठराविक मुदतीत प्रबंध पुरा करावयाच्या विद्यार्थ्यास ही जोखीम परवडत नाही. शिवाय एकदा रुजलेली माशी औषधाच्या बाटलीप्रमाणे दर हंगामात विकता येत नाही. तेव्हा कोणता कारखानदार तिच्या पाठीशी उभा राहणार? हुशार मुले या वाटेस वळावयाची, तर समाजानेच त्यांस आधार दिला पाहिजे.

पुरस्काराने पोट भरत नाही, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य आहे. हेरेन यांचा पहिला शोध ओळखीच्या घोटाळ्यामुळे फसला, हे विसरता कामा नये. भिंगाखाली कीटक धरून त्याची जात सांगणारा माणूस नसेल तर पुढचे सारे व्यर्थ. आणि अशा माणसास नोकरी नसेल तर पदक घेऊन तो काय करील? आम्ही स्वतः पूर्वी शाळेत शिकवीत असता कीटक म्हणजे उपद्रव असेच मुलांस सांगितले. ती चूक आज कबूल करतो.

आपल्याकडे 2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला, आणि पाहता पाहता तो राज्यभर व कर्नाटकातही पसरला. वाढलेल्या उसात फवारा मारणारा माणूस शिरणार कसा? अखेर कामास आली ती डिफाची अळी आणि मायक्रोमस. जाळीच्या मांडवात हे मित्रकीटक वाढवून शेतकऱ्यांना वाटण्यात आले. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या पदवीदान समारंभात पदके दिली जातात. त्यांत मित्रकीटकांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एक पदक राखून ठेवावे, आणि कीटकांची ओळख पटविणाऱ्या तज्ज्ञाची एक तरी कायमची जागा प्रत्येक विद्यापीठात असावी व ती रिकामी राहू नये, अशी आमची मागणी आहे. खर्चाचा काही भार साखर कारखान्यांनी उचलावा. मावा हटला तेव्हा वाचलेला ऊस त्यांच्याच गव्हाणीत पडला होता.