आठ मिलिमीटरची भिंत

गेले तीन वीकेंड एक गोठा बांधतोय. टेबलावर! इंग्लंडात यॉर्कशर डेल्समधल्या स्वेलडेल खोऱ्यात कुरणाकुरणांतून दगडी गोठे विखुरलेत. पूर्वी खाली गुरं असायची, वर गवत. माझ्या मॉडेल रेल्वेच्या कडेला तसाच एक हवा होता. मित्र म्हणाला, "तयार किट मिळतं की! नाहीतर थ्रीडी प्रिंट मार." बरोबर आहे. पण माझं मत असं, की एक तरी गोठा शून्यापासून स्वतः बांधावा.

कारण सांगतो. ओओ स्केलमध्ये ४ मिमी म्हणजे १ फूट. मी २ मिमी जाड पुठ्ठ्याच्या भिंती केल्या, वर माती थापून सुईने दगड कोरले. लांबून झकास! दार बसवलं आणि सगळंच खोटं वाटायला लागलं. खरी भिंत साधारण २ फूट जाड, म्हणजे ८ मिमी. दार आत खोल हवं. मग शोधाशोध केली. ती भिंत दुपदरी असते, मधे बारीक दगडांची भर. फोटोत बाहेर डोकावणाऱ्या दगडांच्या ओळी मी शोभेच्या समजत होतो. त्या दोन्ही पदरांना धरून ठेवतात! छपराच्या दगडी फरश्याही वळचणीला मोठ्या, आढ्याकडे लहान होत जातात.

सगळं तोडलं. पुन्हा बांधतोय. किटमध्ये हे दुसऱ्या कुणीतरी समजून घेतलेलं असतं, आपल्या वाट्याला फक्त गोंद. आठवडाभर दुसऱ्यांच्या लायब्रऱ्या जोडूनच तर पोट भरतो. शनिवारी तरी भिंत का उभी राहते, ते कळू दे!