बिनचूक बनाव

निशिकांत कामत यांच्या ‘दृश्यम’ (२०१५) या गोव्यात घडणाऱ्या हिंदी चित्रपटातील विजय साळगावकर चौथी नापास. परंतु थोरल्या मुलीच्या हातून घडलेली हत्या लपविण्यासाठी त्याने रचलेल्या बनावात कोठेही फट नाही. तिकिटे, हॉटेलचे बिल, साक्षीदार, सारे एकच तारीख सांगतात. साक्षीदार विकत घेतलेले नव्हेत. ३ ऑक्टोबरची आठवण त्यांच्या मनात त्याने अलगद २ ऑक्टोबरवर नेऊन ठेवली आहे, म्हणून ते प्रामाणिकपणे असत्य सांगतात. पोलिसांना संशय येतो तोही या निर्दोषपणामुळेच. एकही खाडाखोड नसलेली कीर्दवही पाहून मुरब्बी हिशेबतपासनीस असाच सावध होतो. कायदा पाळणारा नोकरदार प्रेक्षक मात्र येथे बनावाच्या बाजूचा होतो, कारण पडद्यावरील पोलीस धाकट्या पोरीलाही मारहाण करतात. आणि ज्या पुराव्याने सारे कोसळले असते, तो मृतदेह नव्या पोलीस ठाण्याच्याच जमिनीखाली पुरलेला असतो.