सवलत पेपरात, वर्ग मात्र तसाच

द्वारका चौकामागच्या वस्तीत आमचं सल्ला केंद्र आहे. मारहाण, पोटगी, रेशनकार्ड यांसाठी बायका येतात. गेल्या जूनमध्ये एकजण आली ती सातवीतल्या मुलीचं प्रगतिपुस्तक घेऊन. "ताई, हिला घरी बसवू का? बाई म्हणतात, हिच्या डोक्यात काही शिरत नाही. हिचे वडील म्हणतात, तुझंच लक्ष नाही."

मुलगी आईच्या भाजीच्या गाडीवरचा हिशेब तोंडी, बिनचूक करते. पुस्तक पुढे केलं की 'भ'चा 'म' होतो, 'घ'चा 'ध'. आपली लिपीही अशा मुलांना चकवते. 'कि'ची वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. 'सूर्य'मधला र ऐकू येतो 'य'च्या आधी, दिसतो 'य'च्या डोक्यावर.

अशा मुलांना महाराष्ट्रात १९९६पासून बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष. त्यासाठी झगडलेल्या पालकांचे उपकारच आहेत. पण सवलत मिळते ती प्रमाणपत्र हाती असलेल्याला, तीही पेपर लिहिताना. त्याआधीची नऊ वर्षं पोर फळ्याकडे बघत बसते त्याचं काय? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमता लवकर ओळखून शिकवण्यातच योग्य ते उपाय करायला सांगितलं आहे. ती जबाबदारी शाळेची आहे, आईची नव्हे.

प्रत्यक्षात धावते आईच. तपासणीसाठी रजा तिची, बुडालेली मजुरी तिची, बोलणीही तिलाच. आणि त्यातही मुलगी असली तर तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. अमेरिकेत १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शाळांनी हेरलेल्यांत मुलगे कितीतरी जास्त निघाले. संशोधकांनी सगळ्याच मुलांची तपासणी केली तेव्हा मुलगे-मुलींत फारसा फरक उरला नाही. मुलगा दंगा करतो म्हणून दिसतो. मुलगी खाली मान घालून बसते, आणि मग तिच्यासाठी स्थळ बघतात.

वर्गात करायचं ते फार खर्चाचं नाही. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावा, उत्तर तोंडी घ्यावं, फळ्यावरचं सगळं उतरवून घ्यायची सक्ती नको, अक्षर रांगोळीत बोटाने गिरवू द्यावं. पन्नास मुलांच्या वर्गात हे कसं जमायचं, असं शिक्षिका विचारतात. त्यांचं खोटं नाही. वर जनगणनेची नि निवडणुकीची कामं त्यांच्याच गळ्यात. पण वाचून दाखवलेला प्रश्न पन्नासही जणांना कळतो.

मैत्रिणींनो, शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. बऱ्याच ठिकाणी त्या नुसत्या सहीपुरत्या असतात. आमच्या गटातल्या दोघी यंदा समितीवर गेल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी प्रश्न वाचून दाखवण्याचा विषय काढला. "पुढच्या वेळी पाहू," असं उत्तर मिळालं. पुढच्या बैठकीला त्या भाजीवाल्या बाईलाही घेऊन जाणार आहेत. मुलगी सध्या शाळेत जाते आहे.