शेक अर्ध्यावर सोडू नका



या वेळी गव्हाच्या पाण्याविषयी लिहायचे ठरवले होते. पण टपालात एका भगिनीचे पत्र आले आणि तो विषय बाजूला ठेवला. पत्र थोडक्यात असे : "मालकांना गालाचा कर्करोग आहे. ऑपरेशन झाले. आता ३० शेक सांगितलेत, त्यांतले १४ झाले. तोंड आतून सगळे सोलून निघाले आहे, घास गिळवत नाही. इकडे उसाला तोड आली आहे. सासूबाई म्हणतात, जिवाचे हाल नकोत, पंधरा दिवस घरी आणा, ताकद आली की राहिलेले शेक घेऊ. काय करावे?"

ताई, आणू नका. उत्तर आधी दिले, कारण मागून सांगतो.

हे मी नुसते वाचून लिहीत नाही. २०२४ साली आमच्या मंडळींना गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग निघाला. पाळी जाऊन वर्षे झाली असताना पुन्हा अंगावरून जाऊ लागले होते. चार महिने तिने कोणाला सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. डॉक्टरांनी बाहेरून २५ शेक, मागून आतून शेक आणि आठवड्याला एकदा सलाइनमधून औषध असे ठरवले. गणपतीच्या दिवसांत पहिला शेक झाला. सोबतीला माझी थोरली बहीण, आक्का राहिली. सप्टेंबर सरता सरता सोयाबीन काढणीला आले आणि वर आभाळ भरलेले. मी शहाणा दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना म्हणालो, "आठ दिवस घरी नेतो. हिच्यावाचून घर अडले आहे."

त्यांनी मला खुर्चीवर बसवले आणि समजावून सांगितले. ते आपल्या भाषेत सांगतो. किरणांचा मार रोगट पेशींना बसतो, तसा शेजारच्या चांगल्या पेशींनाही थोडा बसतोच. चांगल्या पेशी रात्रीतून आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत आपली झीज पुष्कळशी भरून काढतात. रोगट पेशींना ते तितके साधत नाही. म्हणून सगळा शेक एका दिवशी न देता रोज थोडा थोडा देतात. पण मध्येच मोठा खंड पडला, तर उरलेल्या रोगट पेशी जोमाने वाढीला लागतात. हरळीचे रान अर्धे खणून पावसावर सोडून दिले तर काय होते, ते तुम्हांला मी सांगायला नको. म्हणून "राहिलेले मग घेऊ" हा हिशेब इथे जुळत नाही. आमच्या हिच्या रोगात बाहेरचे आणि आतले मिळून सगळे शेक आठ आठवड्यांत पुरे व्हावेत असा डॉक्टरांचा कटाक्ष असतो. गाल-जिभेच्या रोगातही खंड असाच घातक. यंत्र बंद पडले किंवा सणाची सुट्टी आली तर बुडालेला दिवस कसा भरून काढायचा, ते डॉक्टर बघतात. आपण होऊन एकही दिवस बुडवू नये.

मी गप्प परत आलो. भावकीने इर्जिक घातली, दोन दिवसांत सोयाबीन काढून ताडपत्रीखाली झाकले. तरी थोडे भिजलेच आणि भाव पडून मिळाला. त्याची हळहळ अजून वाटते, खोटे कशाला बोलू?

आता या 'शेक' शब्दाविषयी. कोणी लाइट म्हणतात, कोणी करंट म्हणतात, आणि त्या नावांनीच माणूस निम्मा घाबरतो. यात चटका नाही, झटका नाही. टेबलावर न हलता पडून राहायचे, यंत्र भोवती फिरते, थोड्या मिनिटांत काम होते. तोंडाच्या रोगात चेहरा हलू नये म्हणून जाळीचा मुखवटा बसवतात. पहिल्या दिवशी त्यात जीव घुसमटल्यासारखा होतो, पण श्वास मोकळा असतो. अंगावर शाईच्या खुणा केल्या असतील तर त्या घासून काढायच्या नाहीत. बाहेरून दिलेल्या शेकाचे किरण अंगात उरत नाहीत, रोगी कोणाला बाधत नाही. आमच्या आक्काने पहिले चार दिवस हिचे ताट वेगळे ठेवले होते. नर्सबाईंनी चांगले झापल्यावर दोघी एका ताटात जेवू लागल्या.

त्रास होतो, हे मात्र खरे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तो वाढतो. हिला जुलाब लागले, थकवा इतका की वेणी घालायला हात उचलेना. मालकांचे तोंड सोलले आहे तेही त्यातलेच, रोग वाढला म्हणून नव्हे. शेक संपल्यावर काही आठवड्यांत हे बहुधा भरून येते. तोवर कोमट पाण्यात चिमूट मीठ आणि खाण्याचा सोडा घालून दिवसातून पुष्कळदा गुळण्या करायला लावा. तिखट, आंबट, कढत बंद. दूध, खिमट, मऊ भात, पातळ वरण, अंडे चालत असेल तर तेही. शेकाच्या जागी हळद, तेल, बाम काही चोळू नका. डॉक्टर देतील तेच लावा. तंबाखू आणि मिश्री घरातूनच बाहेर टाका. काहीच गिळवेना तर नाकातून नळी घालतील. ती नळी पाहून रडारड करू नका. पोटात अन्न जावे आणि शेक चुकू नये, एवढ्याचसाठी ती असते. पुढे काढतात.

धीराचे म्हणाल, तर तो आम्हांला धर्मशाळेत मिळाला. तिथे कोणी "बरे आहे का" विचारत नाही. विचारतात, "तुमचे किती झाले?" अठरा झालेली बाई चार झालेलीला सांगते की जुलाब माझेही असेच होते, नारळपाणी घे. शेवटचा शेक झाला की गरिबातला गरीबही पेढे वाटतो. हिने दसऱ्याच्या सुमारास वाटले. मग आतले शेक झाले आणि दिवाळीला ती घरी आली. आतापावेतोच्या तपासण्या चांगल्या निघाल्या. पुढचे कोणी छातीठोक सांगत नाही, आणि आम्हीही विचारत नाही. तारीख आली की फाइल घेऊन एसटीत बसतो.

पैशाची काळजी तुमच्या पत्रात दिसली. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शेकाचा उपचार बसतो. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा. रेल्वेत रोग्याला आणि सोबत्याला भाड्यात सवलत आहे. आता मुंबईच गाठली पाहिजे असेही नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला कर्करोगाचा दवाखाना आहे आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली. मुंबईला जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे.

राहता राहिला ऊस. तोड टोळीच करणार, मालक बांधावर उभे राहिले नाहीत म्हणून टनेज घटत नाही. दिराला किंवा भावाला उभे करा, चिटबॉयला सगळी हकिकत सांगून ठेवा. सासूबाईंना हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा. मालकांचे वजन किती उतरले ते तुम्ही लिहिले नाही. ते उद्याच डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि तिसावा शेक झाला की मला कार्ड टाका.