घर आपलं, पण सोसायटीच्या रजिस्टरात नाव कुणाचं?

संपादक महोदय,


आपल्या या पानावर सण, लग्नं, मिस्सा, शाळांची संमेलनं यांच्याबद्दल वाचायला मिळतं. आजचा माझा विषय तसा रुक्ष आहे, पण माझ्याच घरात त्याचा चटका बसला म्हणून लिहितो आहे. पॅरिशच्या शाळेत 32 वर्षं मुलांना व्याकरण शिकवलं, निकालपत्रं बिनचूक लिहिली. स्वतःच्या घरातला एक कागद मात्र कधी उघडून पाहिला नाही.

माझ्या धाकट्या भावाने 1984 साली इथेच वडोदऱ्यात एका सोसायटीत टेनामेंट घेतलं. तेव्हा तो अविवाहित होता. फॉर्म भरताना सेक्रेटरीने विचारलं, ‘वारस म्हणून कुणाचं नाव टाकू?’ त्याने माझं नाव सांगितलं. 1989 मध्ये त्याचं लग्न झालं, पुढे दोन मुली झाल्या. वेराबिल, लाइट बिल, मेन्टेनन्स सगळं वेळच्या वेळी. पण तो फॉर्म सोसायटीच्या फायलीत होता तसाच राहिला. तीन वर्षांपूर्वी भाऊ अचानक गेला. मृत्युपत्र नव्हतं.

महिन्याच्या मिस्सेनंतर सोसायटीतून मला निरोप आला, ‘साहेब, या, सर्टिफिकेट तुमच्या नावे करायचं आहे.’ त्याच संध्याकाळी भावजय आमच्याकडे आली. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाली, “दादा, हे घर आता तुमचं म्हणे?” ज्या घरात तिने 33 वर्षं संसार केला, नवऱ्याचं दुखणं काढलं, त्या घराबद्दल तिने मला असं विचारावं! मला उत्तर सुचेना.

माझ्या भावजयीसारख्या बायका प्रत्येक पॅरिशमध्ये आहेत, म्हणून कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. फॉर्मवर ज्याचं नाव असतं तो नॉमिनी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद वारला तर सोसायटीने व्यवहार कुणाशी करायचा, एवढंच ते नाव ठरवतं. 2016 साली पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सोसायटीने नॉमिनेशनप्रमाणे नाव चढवावं, मात्र वारसांचा मालकीचा हक्क त्यामुळे बुडत नाही, तो त्यांनी कोर्टात मागावा. म्हणजे सोसायटीने मला बोलावलं यात तिची चूक नव्हती. चूक आम्हा भावांची होती. 33 वर्षं तो फॉर्म बदलायचं आम्हाला सुचलं नाही.

आपण ख्रिस्ती लोक वारसाच्या बाबतीत 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली येतो. (गोव्यातल्या नातेवाइकांचं वेगळं. तिथे सहसा लग्नापासूनच नवरा-बायको निम्म्या-निम्म्या हिश्श्याचे धनी असतात.) मृत्युपत्र न करता नवरा गेला आणि मुलं असली, तर एक तृतीयांश विधवेचा आणि दोन तृतीयांश मुलांचे. मुलगा-मुलगी सारखेच. म्हणजे भावाच्या घरात माझा हिस्सा शून्य होता, आणि सोसायटीच्या रजिस्टरात नाव माझंच!

मूल नसलेल्या जोडप्यांनी तर हे नीट वाचावं. मृत्युपत्र नसेल तर विधवेला निम्मंच मिळतं, बाकीचं निम्मं नवऱ्याच्या माहेरच्या रक्ताकडे जातं: आधी वडील, ते नसतील तर आई आणि भावंडं. दोघांनी मिळून हप्ते फेडलेलं घर, आणि म्हातारपणी दिरांशी वाटणी. हे टाळायला मृत्युपत्र हाच उपाय.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. याच कायद्यात असं आहे की लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न झाल्याबरोबर रद्द होतं. कायद्याने मानलंय की लग्नानंतर माणसाची जबाबदारी बदलते. सोसायटीतलं नॉमिनेशन मात्र आपोआप रद्द होत नाही. ते आपणच जाऊन बदलावं लागतं.

आता पुढची गोष्ट. मी लगेच स्टँप पेपरवर लिहून दिलं की या घरावर माझा काहीही हक्क नाही, नाव भावजयीचं चढवावं. दोन्ही पुतण्यांनी संमतीचं अॅफिडेव्हिट दिलं. एक भरुचला, दुसरी परदेशात, तिचा कागद यायला दीड महिना गेला. वाटलं, झालं काम. पण कमिटी म्हणाली, प्रोबेट आणा. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब. जिथे मृत्युपत्रच नाही तिथे प्रोबेट कशाचं आणायचं? शिवाय मृत्युपत्र असतं तरी 2002 च्या दुरुस्तीनंतर भारतीय ख्रिस्ती माणसाला हक्क सांगायला प्रोबेटची सक्ती राहिलेली नाही. मग म्हणाले, सक्सेशन सर्टिफिकेट आणा. ते येणी, ठेवी, रोखे अशा गोष्टींसाठी असतं. मग ट्रान्सफर फी निघाली, वर ‘डेव्हलपमेंट फंडाला स्वेच्छेने’ देणगी. स्वेच्छा कुणाची, ते मी विचारलं नाही.

अशात 14 महिने गेले. मेन्टेनन्स मात्र दर महिन्याला भावजयीकडून घेत होते आणि पावती भावाच्या नावाने फाडत होते. मेलेल्या माणसाकडून पैसे चालतात, जिवंत बाईचं नाव चालत नाही!

याच काळात रिडेव्हलपमेंटची सभा झाली. आपल्या राज्यात 25 वर्षांहून जुन्या इमारतींसाठी आता 75 टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे सभासदाच्या सहीला वजन आहे. भावजय सभेला गेली. तिला सांगितलं, “बेन, तुम्ही बसा, पण सही नको. तुम्ही सभासद नाही.” तिचं घर पाडायचं की नाही हे इतर ठरवत होते आणि ती मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. सभासदत्व म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. शेअर सर्टिफिकेट हा काही कपाटात ठेवायचा शोभेचा कागद नाही. बऱ्याच जुन्या सोसायट्यांत जमीन सोसायटीच्याच नावे असते, आणि आपला घरावरचा हक्क त्या सर्टिफिकेटच्याच आधारे उभा असतो. विकत घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. रजिस्टर्ड दस्त हातात आला तरी सोसायटीत नाव चढेपर्यंत मत नाही, सही नाही.

शेवटी चर्चमधल्या एका वकील गृहस्थांनी मार्ग दाखवला. तोंडी बोलणं बंद केलं. रीतसर अर्ज दिला, त्याच्या नकलेवर सोसायटीचा शिक्का आणि तारीख घेतली. नाव चढवायचं नसेल तर कारण लेखी द्या, असं मागितलं. 1961 च्या गुजरात सहकारी संस्था कायद्याप्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर रजिस्ट्रारकडे दाद मागता येते, हेही त्या अर्जात नमूद केलं. पुढच्याच मीटिंगमध्ये ठराव झाला. लेखी कारण द्यायला कुणी तयार नव्हतं, कारण तसं कारणच नव्हतं.

ट्रान्सफर फीबद्दल 2025 पासून राज्याचा नियमही स्पष्ट झाला आहे. विक्रीच्या वेळी किमतीच्या अर्धा टक्का किंवा 1 लाख रुपये, यांत जे कमी असेल त्याहून जास्त घेता येत नाही, आणि थेट वारसाच्या नावावर करताना फी नाही. हा मजकूर कापून ठेवा, उपयोगी पडेल.

काही जण म्हणतात, ‘सोसायटीला आपले सभासद निवडायचा हक्क असतो.’ असतो, काही अंशी. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात 2005 साली सुप्रीम कोर्टाने समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा पोटनियम ग्राह्य धरला. वांद्र्याला आपल्या कॅथलिक लोकांचीही जुनी सोसायटी आहे. बाहेरून येणाऱ्याला घ्यावं की नाही यावर वाद घालता येईल, मला स्वतःला बंद दारं आवडत नाहीत. पण विधवा ही बाहेरून येणारी नव्हे. ती आधीपासून आतच आहे. तिला पुन्हा दारात उभं करून ‘तू कोण?’ विचारायचा हक्क कुठल्याही कमिटीला असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कमिटीत नेहमी परकेच असतात असं नाही. आपलीही माणसं सेक्रेटरी आहेत, खजिनदार आहेत. त्यांना मी जुन्या करारातल्या सलाफहादाच्या मुलींची आठवण देईन. बाप गेला, भाऊ नव्हता, त्या उभ्या राहिल्या आणि वाटा मागितला. मोशेने त्यांना कागद आणायला पिटाळलं नाही, त्यांचं म्हणणं देवापुढे ठेवलं, आणि निकाल मुलींच्या बाजूने लागला.

भावजयीचं काम झाल्यावर मी माझं लोखंडी कपाट उघडलं. माझ्या स्वतःच्या सोसायटीच्या फॉर्मवर नॉमिनी कोण? माझी आई. तिला जाऊन 29 वर्षं झाली! दुसऱ्याच दिवशी जाऊन बायकोचं नाव लिहून दिलं आणि पोच घेतली. मृत्युपत्रही केलं. साक्षीदार दोन शेजारी घेतले, एक गुजराती, एक मराठी. मुलाला सही करू दिली नाही, कारण साक्षीदाराला किंवा त्याच्या नवऱ्या-बायकोला दिलेला वाटा त्या कायद्याखाली बाद होतो.

फादरांना माझी एक विनंती आहे. नोव्हेंबरात आपण कब्रस्तानात मेणबत्त्या लावतो, मृतांची नावं वाचतो. त्याच महिन्यातल्या एका रविवारी मिस्सेनंतर हॉलमध्ये टेबल लावावं, आपल्यातले एक-दोन वकील बसवावेत, आणि प्रत्येक घराने आपलं शेअर सर्टिफिकेट नि नॉमिनेशनची नक्कल घेऊन यावं. शेजारच्या हिंदू, मुसलमान कुटुंबांनाही बोलवावं. त्यांचा वारसा कायदा वेगळा, पण सोसायटीचं रजिस्टर सगळ्यांचं एकच. चष्मा लावून कागद वाचायला मी येईन.

भावजयीने नवं सर्टिफिकेट आणून मला दाखवलं तेव्हा मी आधी नावाचं स्पेलिंग तपासलं. जुनी सवय. बरोबर होतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, वडोदरा