सुरू होते नि बंद पडते!

मैत्रिणींनो, अजिबात सुरू न होणारी स्कूटर परवडली. ती निदान दारातच कळते आणि आपण रिक्षा करतो. खरा ताप असतो तो झटक्यात सुरू होऊन ऐन चौकात बंद पडणाऱ्या जुन्या गाडीचा. सीटवर मूल, पायापाशी दप्तर नि मागे एसटीचा भोंगा! मेकॅनिकला तरी आपण काय सांगतो? “बंद पडते हो.” मग तो आज प्लग बदलतो, पुढच्या खेपेला बॅटरी, त्याच्या पुढच्या खेपेला अख्खा कार्बोरेटर. मुलाला डॉक्टरकडे नेताना ताप कधी चढतो ते आपण सांगतोच ना? तसंच गाडी नेमकी केव्हा बंद पडते, तेवढं हेरून ठेवा.

हे सारं कार्बोरेटरच्या गाड्यांविषयी बरं का, म्हणजे साधारण एप्रिल 2020च्या आधीच्या. बीएस-6चे नियम आल्यानंतरच्या बहुतेक स्कूटर इंजेक्शनच्या आहेत. त्यांचं दुखणं निराळं.

चोक ओढला की चालते, चोक सोडला की बंद; किंवा रेस दिली तर ठीक, हात सैल केला की गप्प. असं असेल तर पायलट जेटवर संशय घ्या. मंद चालीचं पेट्रोल या जेटच्या अगदी बारीक भोकातून येतं. गाडी महिना-दीड महिना उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ राहते. मे महिन्यात माहेरी जाऊन आल्यावर गाडी रुसते ती बहुधा यामुळेच. कार्बोरेटर साफ करून घेतला की सहसा भागतं, नवा लागत नाही. भोकात तार मात्र घालू देऊ नका. भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल जास्त खाते.

दोन-तीन मिनिटं छान चालते, मग पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते? कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं, त्यावर ती निघते. ते संपलं आणि मागून आलं नाही की संपलं! तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार अडखळते, दुसरं पाडलं की सरळ लागते, हे तुम्हाला मी काय सांगायचं? पेट्रोलच्या झाकणालाही हवेसाठी असं बारीक छिद्र असतं, ते धुळीनं बुजतं. गाडी बंद पडली की कडेला घ्या, झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि झाकण लावून गाडी सुरू झाली, तर दोष तिथेच. छिद्र साफ करायला खर्च जवळजवळ नाहीच. तसं नसेल तर पेट्रोलचा फिल्टर नि नळी बघायला सांगा. झाकण उघडताना जवळ विडी-काडी, दिवा नको, हे सांगायला नकोच.

पंधरा-वीस मिनिटांनी, चांगली तापल्यावर बंद पडून गार होईपर्यंत दाद देत नसेल, तर बहुधा ठिणगीचा दोष; कॉइल किंवा प्लग. अशी गाडी सकाळी गारेगार नेऊन दाखवण्यात अर्थ नाही, तिथे ती शहाण्यासारखी चालते! तापलेलीच न्या.

पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी शिरतं, ते जड म्हणून तळाशी बसतं. वाटीखालच्या स्क्रूमधून काढून टाकता येतं. 2025पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. तेव्हा नळ्या कडक झाल्या आहेत का, हे वर्षातून एकदा बघून घ्या.

एक मात्र करू नका. बंद पडते का ते बघायला गाडी बंद गॅरेजमध्ये किंवा जिन्याखाली चालू ठेवू नका. त्या धुराला नेहमी वास येतोच असं नाही, आणि तो जीवघेणा असतो.

किती मिनिटांनी, चोकवर की चोकशिवाय, गार की गरम, एवढं चिठ्ठीवर लिहून मेकॅनिकच्या हातात द्या. आणि एखादा भाग बदललाच, तर जुना परत मागून घ्या.