शब्दांची भावकी

कागलात राहणाऱ्या माणसाला भावकी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. आडनाव एक, कुळदैवत एक, बांध एक. आणि त्याच बांधावरून तीन पिढ्या बोलणं बंद. इंग्रजी शब्दांचंही अगदी असंच आहे. अक्षरं सामाईक, पण एकाचा आवाज दुसऱ्याला खपत नाही. असं असताना आमच्याकडच्या शिकवणीवाल्यांनी एक उद्योग आरंभला आहे. सारख्या अक्षरांचे शब्द एका माळेत ओवायचे, पुढे अर्थ लिहायचे आणि दर शनिवारी असे वीस शब्द पोरांकडून घडाघडा म्हणवून घ्यायचे. या उद्योगाविरुद्ध मला तक्रार नोंदवायची आहे. मी बँकेतला कारकून, वाणिज्य शाखेचा पदवीधर. इंग्रजीचा पंडित नव्हे. पण छापील अर्जावरच्या इंग्रजीशी माझा रोज जेवढा संबंध येतो, तेवढा पंडितांचाही येत नसेल.

परवाच्या शनिवारची माळ सांगतो. शेवटी ओ-यू-जी-एच असलेले शब्द. टफ म्हणजे चिवट, रफ म्हणजे खडबडीत, कॉफ म्हणजे खोकला, दो म्हणजे जरी, थ्रू म्हणजे मधून, डो म्हणजे मळलेली कणीक, बाउ म्हणजे फांदी, प्लाउ म्हणजे नांगर. आमचे चिरंजीव हे सगळं रामरक्षेच्या चालीवर म्हणत होते. त्यातला खोकला तेवढा त्यांना मनापासून पटला होता, कारण ते त्याचा उच्चार 'कफ' असा करत होते. पण कणकेपाशी गाडं अडलं. टी लावला की टफ, तर डी लावला की डफ का नाही? कागलच्या पोराला शाहिराच्या हातातला डफ ठाऊक असतो, म्हणून प्रश्न रास्तच होता. शिकवणीत त्याला उत्तर मिळालं होतं, "तसंच असतंय. पाठ कर."

हे 'तसंच असतंय' मला मान्य नाही. तसंच नव्हतं, तसं झालंय. जुन्या इंग्रजांच्या तोंडी या जी-एचला घशातून येणारा खरखरीत आवाज होता, आपल्या 'ख'च्या शेजारचा. जर्मन माणूस रात्रीला अजून 'नाख्ट' म्हणतो. इंग्रज 'नाइट' म्हणायला लागला, पण जी-एच कागदावर तसाच राहिला. काही शब्दांत तो आवाज मेला, काहींत त्याचा 'फ' झाला. मध्यंतरी १४७६ साली कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, आणि पुढे छापखान्यांनी शब्दांची जुनी रूपं हळूहळू पक्की करून टाकली. बोलणारे मात्र बदलतच राहिले. सातबारावर पणजोबांचं नाव आणि शेत कसतोय पणतू, असा हा प्रकार आहे. एवढं पोराला सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि गोष्ट म्हणून ते आवडीनं ऐकतं.

आमच्या धंद्यातला नमुना तर याहून मजेदार. कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात आणि त्यात एक मुका 'बी' लिहितात. हा 'बी' मुळात नव्हताच. फ्रेंचांकडून शब्द आला तो 'बी'शिवाय, आणि इंग्रज तो तसाच लिहीत होते. पुढे लॅटिन शिकलेल्या विद्वानांना शोध लागला की या घराण्याचा मूळपुरुष 'डेबिटम'. झालं! वंशावळ सुधारली आणि 'बी' आत घुसवला. बोलणाऱ्यांनी त्याला विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी. आता पासबुकातलं 'डेबिट' बघा. घराणं तेच, पण तिथं 'बी' खणखणीत बोलतो. खात्यातून पैसे कापताना बोलतो आणि कर्जात गप्प बसतो! पावतीच्या 'रिसीट'मध्येही लॅटिनचा मान म्हणून असाच एक 'पी' घातलेला आहे. तिची सख्खी बहीण 'डिसीट', म्हणजे फसवणूक. तिला मात्र 'पी' मिळाला नाही. पोरानं हे पाठ करायचं, आणि चुकलं तर मार्क कापून घ्यायचे.

बरं, मुकी अक्षरं काढता येतच नाहीत असंही नाही. माझ्या आजोबांच्या पत्रांत 'कांहीं' आणि 'नाहीं' यांच्या डोक्यावर टिंबंच टिंबं असत. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली सरकारनं मान्य केले आणि उच्चारात नसलेले हे अनुस्वार गेले. कुणाचं काही बिघडलं नाही. तिकडे बर्नार्ड शॉ इंग्रजीला नवी लिपी मिळावी म्हणून मृत्युपत्रात पैसे ठेवून १९५० साली गेला. नेमकं १९६२ सालीच त्याचं एक नाटक त्या लिपीत छापून निघालं. तीही कुणाचं काही न बिघडवता कपाटात गेली. इंग्रजांना जे जमलं नाही, त्याचा भुर्दंड कागलच्या पोरानं का भरावा?

'स्पर्धेचं युग आहे,' असं मला ऐकवलं जातं. असेल. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेही चांगलंच झालं. पण दंड कुणाला करायचा हे तरी ठरवा. आमच्या कागलच्या घाटगे घराण्यात जन्मून करवीरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा महिना एक रुपया दंड ठेवला होता. तो पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला. पोराला नव्हे!

आता मूळ दुखणं सांगतो. मध्यंतरी आमच्या काउंटरवर एक आबा आले. भाच्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला सही करायची होती. बरोबर कॉलेजात जाणारा मुलगा. आबांनी अर्जावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. मुलानं 'गॅरंटर' असं ऐटीत वाचलं, त्यातल्या मुक्या 'यू'सकट स्पेलिंग म्हणून दाखवलं आणि अर्थही सांगितला, "हमी देणारा."

"म्हंजे मी करायचं काय?"

"साक्षीदारागत सही मारायची, आबा."

साक्षीदारागत! करार कायदा १८७२ सालचा. त्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. भाच्यानं हप्ते थकवले, तर नोटीस आबांच्याही दारात. हे मी त्यांना मराठीत सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "घरात इचारून येतो, सायेब." पोराला अक्षर न् अक्षर येत होतं, छापील अर्थसुद्धा येत होता. शब्द तेवढा येत नव्हता.

तेव्हा शिकवणीवाल्यांनो, माळा ओवायच्याच असतील तर एका अक्षराच्या नको, एका कागदावरच्या शब्दांच्या ओवा. गॅरंटर घ्या, ओव्हरड्यू घ्या, नॉमिनी घ्या. आणि नॉमिनीपुढे 'वारस' असं लिहू नका. बँकेतल्या ठेवीचे पैसे नॉमिनीच्या हातात पडतात, पण वारसांचा हक्क त्यामुळे बुडत नाही. दोन भावांत एकाचंच नाव लागलेलं असलं की हा अर्थ आमच्या काउंटरपुढे मोठमोठ्यानं समजावून घ्यावा लागतो. त्या शनिवारी पोरांबरोबर घरातल्या मोठ्या माणसांनाही बोलवा. मी येतो, फी घेणार नाही.